बाळूने उधारी चुकती केली तेव्हा

आधीच सांगतो, बाळू हे त्याचं खरं नाव नाही, धंदा आणि घरातल्या दोन-तीन गोष्टीही जरा फिरवल्यात, आणि हे सगळं त्याला नि वहिनींना वाचून दाखवलंय. त्याने एक वाक्य काढायला लावलं आणि एक घालायला लावलं, घातलेलं पुढे येईलच. मी काही डॉक्टर नाही. इंदूरला राजेंद्रनगरकडे माझं मेडिकल स्टोर आहे, बावीस वर्षं झाली, गल्लीतल्या कुणाला शुगर आहे नि कुणाला झोप येत नाही हे मला घरच्यांच्या आधी कळतं, एवढंच.

बाळू आणि मी एका वर्गातले, दोघंही आता ४८ चे. तो कपड्याच्या होलसेल पेढीवर हिशोब बघतो. वहिनी शाळेत शिकवतात, मुलगी तेव्हा बारावीत होती, आई ७६ ची, बीपी आणि थायरॉइड. गल्लीत त्याची ओळख म्हणजे कॅरम. कॉलेजपासूनचा एक पिवळट पडलेला स्ट्रायकर, त्याला दुसऱ्या कुणी हात लावला तर हा डाव सोडून उठायचा.

जूनपासून तो उतरलेला दिसत होता, दाढी वाढलेली, फोन वाजला की बाहेर जाऊन घ्यायचा, कॅरमला यायचा बंद झाला. मी दोनदा विचारलं, तो म्हणाला ऑडिट चाललंय, मी म्हणलं बरं. इथेच पहिली चूक झाली, पण ती जगात सगळेच करतात म्हणून तिच्यावर जास्त लिहीत नाही.

शुक्रवार, २ ऑगस्ट २०२४. दिव्याच्या अवसेला दोन दिवस होते, पाऊस लागून राहिलेला. संध्याकाळी सातच्या सुमाराला बाळू दुकानात आला, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. आईच्या गोळ्या तो नेहमी पंधरा दिवसांच्या नेतो आणि वीस तारखेनंतर असेल तर वहीत लिही म्हणतो. त्या दिवशी म्हणाला तीन महिन्यांच्या दे. मग एक रिकामा खोका मागितला, त्याचा पुठ्ठा फाडला, माझा स्केचपेन घेतला आणि काउंटरवर उभा राहून मोठ्या अक्षरात लिहीत बसला, ही सकाळी उपाशीपोटी, ही रात्री जेवणानंतर, ही संपत आली की दुकानात सांगायचं. पाच-सात मिनिटं लिहीत होता, गिऱ्हाइकं बाजूने येत-जात होती. मग म्हणाला वही काढ. ६४० रुपये निघत होते, ते दिले, आणि वर चाळीस ठेवले, म्हणाला मे महिन्यात थर्मामीटरचे राहिले होते, तू लिहिले नव्हतेस. खरंच लिहिले नव्हते.

मी काय बोललो ते ऐका. मी म्हणलं, "काय भिया, लॉटरी लागली का?" तो हसला. मला बरं वाटलं, म्हणलं चला, गडी रुळावर आला.

साडेनऊला शटर ओढायच्या वेळी दुकानातला पोरगा मला खिशातून काढून स्ट्रायकर दाखवतो. बाळूकाकांनी दिला म्हणे, दुपारीच, म्हणाले ठेव तुलाच, आता मला काय करायचाय.

माझ्या पोटात गोळाच आला. त्याच्या दीड वर्ष आधी आम्हा काही मेडिकलवाल्यांचं एक दिवसाचं गेटकीपर ट्रेनिंग झालं होतं, म्हणजे आत्महत्येचा विचार करणारा माणूस वेळेत ओळखायचा, त्याच्याशी बोलायचं आणि उपचारापर्यंत पोचवायचं एवढंच. मी गेलो होतो ते खरं सांगायचं तर दुपारचं जेवण आहे म्हणून. पण शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंचं एक वाक्य राहिलं होतं डोक्यात. त्या म्हणाल्या होत्या, तुम्ही रडणारा माणूस शोधता, कधी कधी आवराआवर करणारा शोधावा लागतो. उधारी फेडणं, जीव लावलेली वस्तू देऊन टाकणं, मागच्यांची सोय लावणं, आणि बरेच दिवस खचलेला माणूस कारण नसताना एकदम शांत दिसणं. यातलं एकेक वेगळं काढलं तर काहीच नाही, कुणीही करतं. पण माझ्या दुकानात एका दिवसात तीन गोष्टी झाल्या होत्या आणि मी लॉटरीचा जोक मारला होता.

फोन केला, चहा प्यायला खाली ये. तो म्हणाला झोपतोय. मी म्हणलं मी तुझ्या दारातच आहे. दत्त मंदिराच्या ओट्यावर बसलो, चहाबिहा काही नव्हता, सगळं बंद झालेलं.

आणि मी चुकीचं विचारलं. म्हणलं, "काही उलटसुलट विचार करत नाहीयेस ना?" आता असं विचारल्यावर समोरचा काय म्हणणार, "नाही रे." म्हणजे प्रश्नातच मी त्याला सांगून टाकलं की मला काय ऐकायचंय. हे पण ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं होतं, नेमकं हेच वाक्य, असं विचारू नका म्हणून. पण तोंडातून तेच निघतं कारण आपण घाबरलेलो असतो, उत्तराला.

थोडा वेळ गेला. मग मी स्ट्रायकर खिशातून काढून ओट्यावर ठेवला आणि सरळ विचारलं, "बाळू, जीव द्यायचा विचार येतो का तुला?"

तो बराच वेळ स्ट्रायकरकडे बघत बसला. मग म्हणाला, "कधीपासून ते विचारू नको."

लोकांना वाटतं असं थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घुसेल. तसं होत नाही, यावर बऱ्यापैकी अभ्यास झालाय, विचारल्याने धोका वाढत नाही, उलट माणसाला जरा सुटल्यासारखं होतं. मी तर समोर बघितलं, त्याचे खांदे खाली आले. मग जे निघालं ते दीड तास निघत होतं. शेअरमार्केटमध्ये ऑप्शनमध्ये पैसे घातले, गेले, ते भरून काढायला आणखी घातले, मग मोबाइलवरच्या लोन ॲपवरून घेतले, एकाचं फेडायला दुसऱ्याचं, अशी पाच ॲप. सगळे मिळून साडेअकरा लाख. वहिनींना एक अक्षर माहीत नाही. वसुलीवाले रात्री-अपरात्री फोन करत होते आणि धमकी अशी की फोनमधल्या सगळ्या नंबरांवर तुझा फोटो पाठवू, खाली चोर लिहून.

मध्ये मी एकदा घसरलोच. म्हणलं, "अरे मुलीकडे तरी बघ." तेव्हा तो काही बोलला नाही. पण हे वाचून दाखवलं तेव्हा म्हणाला इथे माझं वाक्य घाल, ते हे: "मुलीकडे बघूनच वाटायचं, मी नसलो तर हिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल." म्हणजे आपण ज्या दोरीने त्याला ओढायला जातो तीच त्याला काचत असते. थॉमस जॉइनर म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या मांडणीत हे ओझं असल्याचं वाटणं अगदी मध्यभागी आहे, आणि सोबत आपण कुणाचेच नाही असं वाटणं. बाळूला मात्र हे कुठे वाचायची गरज नव्हती.

साडेअकराला तिथूनच १४४१६ लावला. हा टेली मानसचा नंबर, सरकारी, फुकट, दिवसरात्र चालतो, १० ऑक्टोबर २०२२ पासून. भाषा निवडा म्हणतं, आम्ही हिंदी घेतली कारण कलेक्टर ऑफिसपासून भाजीवाल्यापर्यंत आमचं सगळं हिंदीतच होतं. फोनवरच्या मुलीने आधी माझ्याशी, मग त्याच्याशी बोलून घेतलं, शांतपणे तेच विचारलं जे मी विचारलं होतं, आणि पुढचं पण, कसं ठरवलंय का, कधी, ते घरात आहे का. मग मला तीन गोष्टी सांगितल्या: आज रात्री एकटं सोडायचं नाही, ज्याचा विचार केलाय ते हाताशी राहू द्यायचं नाही, आणि सकाळी मानसोपचाराच्या ओपीडीत न्यायचं. काय होतं ते मी लिहिणार नाही, ते त्याच रात्री घरातून निघून माझ्याकडे आलं. काकूंच्या तीन महिन्यांच्या गोळ्याही परत दुकानात आणल्या, तेव्हापासून घरातल्या सगळ्यांची सगळी औषधं आठवड्याची आठवड्याला जातात. हा विचार बऱ्याचदा लाटेसारखा येतो नि ओसरतो, त्या वेळात साधन हाताशी नसलं तर माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते. साधी गोष्ट आहे पण "त्याचा अपमान होईल" म्हणून घरोघर राहून जाते.

वहिनींना रात्री बारा वाजता सांगितलं. मला वाटलं होतं कर्जाचं ऐकून चिडतील. त्या आधी गॅसजवळ गेल्या, दूध तापवलं, त्याच्या हातात पेला दिला आणि मग रडल्या. चिडल्या त्या चौथ्या दिवशी, आणि अशा चिडल्या की विचारू नका, बरोबरच होतं ते. मी दिवाणखान्यात सतरंजीवर झोपलो, म्हणजे झोप कुठली.

काकूंनी सकाळी मीठ-मोहरीने दृष्ट काढली. आमच्या मुलीने नाक मुरडलं तर मी तिला गप्प केलं, दृष्ट काढून दवाखान्यात जाता येतं, दोन्हीत काही भांडण नाही. दवाखान्याऐवजी बाबाकडे नेलं असतं तर भांडलो असतो.

मोठ्या सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत डॉक्टर म्हणाले डिप्रेशन आहे, चांगलंच जास्त आहे. गोळ्या दिल्या आणि नीट सांगितलं की पहिल्या आठवड्यात मळमळेल, झोप इकडेतिकडे होईल, मनाला फरक पडायला दोन ते चार आठवडे, कधी सहा, तोवर बरोबर कुणी ना कुणी राहा, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. दारू नाही. ॲडमिट करायचं का यावर विचार झाला, घरी माणसं आहेत म्हटल्यावर चार दिवसांनी परत बोलावलं.

वहिनींच्या एका काकांनी फोनवरून भीती घातली, बोलू नका कुठे, पोलीस केस होईल. आता साधी गोष्ट, मनात विचार येणं हा गुन्हा कधीच नव्हता. प्रयत्न झाला असता तरी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ म्हणतं की अशा माणसावर तीव्र ताण होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी, उपचार नि पुनर्वसन बघायची जबाबदारी सरकारची. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलम तर १ जुलै २०२४ ला नवी न्याय संहिता आली त्यात घेतलंच नाही. काकांना हे समजावलं तर म्हणाले, तरीपण.

गल्लीतल्यांना काय सांगायचं हा दुसरा घोळ. शेवटी चार जणांना सगळं सांगितलं, बाकीच्यांना बीपी वाढलाय म्हणून सांगितलं. त्या चौघांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला, नाव "कॅरम". सकाळी कुणी फिरायला न्यायचं, दुपारी वहिनी शाळेत असताना कोण बसेल, ओपीडीला कोण जाईल. बाळूचा मोबाइल वहिनींकडे, ट्रेडिंगचं ॲप काढून टाकलं.

चौथ्या दिवशीच्या ओपीडीत काउन्सेलरने त्याच्याकडून एक कागद लिहून घेतला. कागद म्हणजे माझ्याच दुकानाच्या बिलाची मागची बाजू, खिशात तेवढाच होता. पहिलं, विचार यायला लागला हे कसं कळतं: हात गार पडतात, हिशोब डोक्यात गोल फिरतो. दुसरं, एकट्याने काय करू शकतो: अंघोळ, गॅलरीतल्या कुंड्या. तिसरं, कुठे जाऊन बसू शकतो, बोलायचं नसलं तरी: दुकान, मंदिराचा ओटा. चौथं, कुणाला फोन: मी, मग कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले मामा. पाचवं, १४४१६ आणि डॉक्टर. सहावं, घरात काय ठेवायचं नाही. याला सेफ्टी प्लॅन म्हणतात, बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी बसवलेली पद्धत, आणि २०१८ मध्ये अमेरिकेतल्या इमर्जन्सी विभागांतल्या रुग्णांवरचा अभ्यास आला त्यात असा कागद आणि नंतर फोन एवढ्याने पुढच्या सहा महिन्यांतले आत्मघाती प्रकार ४५ टक्क्यांनी कमी दिसले. "आणि नंतर फोन" हे तीन शब्द मला तेव्हा कळले नव्हते, सप्टेंबरात कळले.

मी रोज चारला मेसेज टाकायचो, "चहा?" एवढाच. आला तर आला, नाही तर नाही, उत्तर मागायचं नाही. हे माझं डोकं नाही, ट्रेनिंगमध्ये जेरोम मोटो नावाच्या डॉक्टरचं सांगितलं होतं, सॅन फ्रान्सिस्कोत १९६० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी दवाखान्यातून गेल्यावर पुढचे उपचार नाकारलेले ८४३ जण घेतले, त्यातल्या जवळपास अर्ध्यांना काही न मागणारी छोटी पत्रं पाठवत राहिले, तुमची आठवण आली, बरे असाल, बस. पत्रं मिळणाऱ्यांमध्ये पहिली दोन वर्षं आत्महत्या कमी झाल्या. मला ते ऐकताना फेकाफेक वाटली होती. बाळू आता म्हणतो, उत्तर द्यायचं नसायचं तेव्हा पण चार वाजायची वाट बघायचो.

ऑगस्टअखेर तो खरंच सुधारला. पेढीवर जायला लागला, मोबाइल परत हातात आला, गणपतीत आरतीला आला, मोदक खाल्ले. त्या वर्षी १० सप्टेंबर, आत्महत्या प्रतिबंध दिन, नेमका गणपतीत आला होता, आमच्या मंडळाने मांडवात १४४१६ चा बॅनर लावला, आणि मला स्वतःचं कौतुक वाटत होतं बरं का. "कॅरम" ग्रुपवर तोवर गुड मॉर्निंग आणि मोदकांचे फोटो यायला लागले होते. पाळी कुणाची हे कुणी विचारेना. चारचा चहा माझ्याकडून तीन दिवस राहिला, सीझन होता, दुकानात गर्दी. आणि बाळूने गोळी बंद केली होती, आठ दिवस झाले होते, कुणाला न सांगता. बरं वाटत होतं ना.

१७ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी. इंदूरकरांना सांगायला नको, मिलच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात, मिल बंद होऊन जमाना झाला पण झांकी निघते, अखाडे, ढोल, रात्रभर सगळं गाव रस्त्यावर. मीही घरच्यांना घेऊन गेलो. वहिनी मुलीला घेऊन माहेरच्यांबरोबर गेल्या, बाळू म्हणाला मी आईजवळ थांबतो. दहाच्या सुमाराला त्याच्या ऑफिसच्या ग्रुपवर ॲपवाल्यांनी त्याचा फोटो टाकला, जसं धमकावलं होतं तसंच.

मला तीन मिसकॉल. १०.१४, १०.१६, १०.२१. ढोलात मला एकही ऐकू आला नाही. मी ते पावणेबाराला बघितले, आणि तिथून घरापर्यंत कसा आलो ते मला आठवत नाही.

तो इस्त्रीवाल्या मामांच्या दुकानात बसला होता. कागद काढला होता, बिलाची मागची बाजू, घडीवर फाटत आलेला. पहिला नंबर लागला नाही म्हणून दुसरा लावला. मामा झांकीला जात नाहीत, गर्दीत पाय दुखतात. त्यांनी काही समजावलं नाही, उपदेश नाही, काही नाही. म्हणाले बसा साहेब, आणि समोर रुमालांचा ढीग ठेवला, घड्या घाला म्हणाले, सकाळी द्यायचेत. मी पोचलो तेव्हा बाळू रुमालांच्या घड्या घालत होता, कोपऱ्याला कोपरा लावून. मधे त्याने १४४१६ लावून अर्धा तास बोलूनही घेतलं होतं, स्वतःहून.

मी त्याला सॉरी म्हणलं. तो म्हणाला, "तू एकटाच लिहिला नव्हतास म्हणून बरं."

दुसऱ्या दिवशी ओपीडी, गोळी परत सुरू, डॉक्टर रागावले नाहीत, म्हणाले पाचव्या-सहाव्या आठवड्यात बरेच जण असंच करतात. ग्रुपचं वेळापत्रक कागदावर काढून वहिनींच्या फ्रिजवर लावलं, तीन महिन्यांचं, त्यात सणवार लाल पेनाने, कारण सणालाच माणसं गायब होतात. लोनचं काम वहिनींनी हातात घेतलं. तेव्हा रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट २०२२ चं सर्क्युलर होतं, वसुलीचा फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचा नाही, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरचे नियम होते की लोन ॲपने फोनमधल्या कॉन्टॅक्टला हात लावायचा नाही. स्क्रीनशॉट काढले, सायबरच्या १९३० वर तक्रार केली. पाचातली दोन ॲप नोंदणीकृत कंपन्यांची निघाली, त्यांच्याशी हप्ते ठरले, बाकी तिघांनी तक्रारीनंतर तोंड दाखवलं नाही. पेढीच्या मालकाने फोटो बघून त्याला बोलावलं, बाळूला वाटलं नोकरी गेली, मालक म्हणाले माझ्या भाच्याचं पण हेच झालंय.

२३ सप्टेंबरला शेअरबाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीचा रिपोर्ट आला, मग पेपरात. तीन वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर-ऑप्शन, करणाऱ्या एक कोटीहून जास्त साध्या माणसांपैकी ९३ टक्क्यांचं नुकसान झालं, सरासरी माणशी दोन लाख, एकूण १.८ लाख कोटींच्या वर. मी दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला परत वाच. मी परत वाचलं. "म्हणजे मी काही स्पेशल गाढव नाही," म्हणाला. महिन्याभरात पहिल्यांदा मनापासून हसला असेल. आकडे तसे मी त्याच्यापासून लपवतच होतो, कारण माझ्याकडे दुसरेही होते, २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या, त्यात १,२२,७२४ पुरुष, आणि मला त्यात सारखा आपल्या वयाचा, हिशोब बरोबर असणारा, कुणाला त्रास न देणारा माणूस दिसायचा.

आता काय चाललंय. कर्ज आहे अजून, कमी झालंय. वहिनींनी दागिने मोडले नाहीत, ते मला फार आवडलं. गोळी वर्षभर चालली, मग डॉक्टरांनीच हळूहळू कमी केली. मुलगी कॉलेजला गेली. तिला किती सांगायचं यावर दोघांचं अजून एकमत नाही, मी त्यात पडत नाही. वाईट दिवस येतात, तेव्हा तो ओट्यावर येऊन बसतो आणि मी दुकानातून बघतो, हात केला तर जातो. स्ट्रायकर दुकानातल्या पोराने परत दिला, बाळूने घेतला नाही, म्हणाला दिलेली वस्तू आहे, तर आता तो काउंटरच्या गल्ल्यात असतो आणि रविवारी दोघं त्यानेच खेळतात.

परवा आला, काकूंच्या गोळ्या नेल्या, १८५ झाले. खिसे चाचपले, म्हणाला लिही, पुढच्या आठवड्यात देतो. मी वही काढली आणि लिहिलं.